बेसचा डबा आणि झाडीपट्टीची रात्र

बेस गिटार वाजवणारी दोन माणसं एकत्र आली की तासाभरात एक वाद हमखास निघतो. डबा दहाचा घ्यावा की पंधराचा? म्हणजे एका खोक्यात दहा इंची चार स्पीकर, की पंधरा इंची एकच? दहावाले म्हणतात, पंधराचा आवाज चिखलासारखा येतो, सूर कुठला ते कळत नाही. पंधरावाले म्हणतात, दहाला खर्जच नसतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, शनिवार-रविवारी बेस वाजवतो आणि या वादात दोन्ही बाजूंनी बोललो आहे. खोलीत वाजवणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. चार भिंती खर्जाला आपोआप आधार देतात, आणि ऐकणारे असतात वीस-पंचवीस.

पण माझं गाव ब्रह्मपुरी. वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. तिथे हाच प्रश्न उघड्या आभाळाखाली, धानाच्या बांधीत, रात्रभर चालणाऱ्या नाटकासाठी पडतो, आणि त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही ठरतं. संवाद शेवटच्या रांगेला कळणार का, शेजारच्या गावाची झोप मोडणार का, आणि कुणी तक्रार केली तर प्रयोग चालू राहणार का.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातला भाताचा आणि जंगलाचा मुलूख: गडचिरोली, चंद्रपूरचा पूर्व भाग, भंडारा, गोंदिया. दिवाळीत धान हाताशी येतं, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, पुढे शंकरपट सुरू होतात, आणि मंडईच्या किंवा पटाच्या रात्री नाटक. होळीच्या आसपास हंगाम संपतो. याचं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा अख्ख्या नव्या जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन होतं ते एवढंच. नाटक मंडळांची कार्यालयं तिथेच, गावोगावच्या मंडळांचे लोक तिथेच येऊन प्रयोग ठरवतात. या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्याच्या आदल्या वर्षी ‘झॉलीवूड’ नावाचा सिनेमा येऊन गेला, त्यामुळे पुण्या-मुंबईतही आता ‘झाडीपट्टी’ म्हटल्यावर लगेच ‘म्हणजे काय?’ असं विचारत नाहीत. कथानक, विनोद, लावण्या, राजकारण्यांना टोमणे यांबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. आवाजाबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. ‘साउंड चांगला होता’ किंवा ‘साउंड बेकार होता’, एवढ्यावर तो विषय संपतो.

नाटक सुरू व्हायला दहा तरी वाजतात आणि ते संपतं तेव्हा तांबडं फुटलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी प्रेक्षकांसाठी जमीन उताराने खणलेली असते. पुढे स्टेज, वर टांगलेले माईक, स्टेजच्या पुढ्यात वादक: पेटी किंवा ऑर्गन, तबला, ढोलकी, हल्ली कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. बेस गिटार मला तिथे क्वचितच दिसली. खर्ज वाजवतो तो कीबोर्डवाल्याचा डावा हात. डब्याच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, कीबोर्डचा डावा हात त्याच मुलखात फिरतो, आणि ऑक्टोपॅडची लाथ त्याच्या थोडी वर बसते.

आधी, अर्थातच, डबाच नव्हता. दंडार आणि खडी गंमत या इथल्या जुन्या प्रकारांना माईक लागत नव्हता, कारण बघणारे गोल करून जवळ उभे असत आणि नट गळा फोडून बोलत. माझे आजोबा गॅसबत्तीच्या उजेडात पाहिलेल्या नाटकांचं वर्णन करताना नटांच्या अभिनयापेक्षा त्यांच्या फेफड्यांचंच कौतुक जास्त करायचे. खर्ज होता तो कातड्याच्या वाद्यांचा. ढोल म्हणजे तरी काय, पोकळ लाकूड आणि दोन बाजूंना पडदे. दक्षिणेकडे गेलं की रेला नाचात खांद्याला अडकवलेले मोठे ढोल दिसतात. जंगलात खर्ज विजेबरोबर आला असं समजण्याचं कारण नाही. आधीचा ढोल माणसाच्या दंडाएवढाच मोठा वाजायचा, इतकंच.

मग भोंगा आला. त्याचा इतिहास दूरवर सुरू होतो. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी कॅलिफोर्नियात १९१५च्या सुमारास विजेवर चालणारा कर्णा लोकांपुढे वाजवून दाखवला. त्यांच्या कंपनीचं नाव मॅग्नाव्हॉक्स. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मोठा आवाज’, आणि इथे आवाज म्हणजे माणसाचा आवाज. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये त्याच यंत्रावरून सुमारे ५० हजार लोकांशी बोलले. म्हणजे भोंगा जन्मला तो भाषणासाठी. आपल्याकडेही तो सभा, देऊळ, मशीद, तंबूतला सिनेमा आणि नाटक यांच्याबरोबरच गावात शिरला.

जंगलातल्या गावासाठी तो योग्य का होता, याचं उत्तर वॅटमध्ये आहे. स्पीकरला दिलेल्या विजेपैकी आवाज होऊन बाहेर पडतो तो फार थोडा भाग, बाकीची कॉइल गरम करण्यात जाते. साधा कागदी कोनाचा स्पीकर एक वॅटवर एक मीटर अंतरावर ९० ते ९८ डेसिबल देतो. ॲल्युमिनियमचा भोंगा १०५च्या पुढे जातो. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वीज. ज्या गावात वीज नव्हती, किंवा होती पण नाटकाच्या रात्रीच जायची, तिथे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी मशीन लागे. (ॲम्प्लिफायरला आमच्याकडे ‘मशीन’ म्हणतात.) दिल्लीची अहुजा कंपनी १९४० पासूनची. मेन लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या तिच्या मशीन देशभर गेल्या त्या याच कारणाने. तीस-चाळीस वॅट आणि झाडाला किंवा बल्लीला बांधलेले दोन भोंगे एवढ्यात अख्खं गाव ऐकायचं.

यात गेला तो खर्ज. कर्ण्याचं तोंड जेवढं रुंद आणि नळी जेवढी लांब, तेवढा खालचा सूर त्यातून निघू शकतो. आपल्या नेहमीच्या भोंग्यातून अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच येत नाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण शंभर ते दीडशे हर्ट्झचा, म्हणजे तोही त्यातून निघत नाही! तरी आपल्याला तो पुरुषाचाच आवाज वाटतो, कारण मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर कानात शिरतात आणि त्यांच्यामधल्या अंतरावरून मेंदू गाळलेला सूर स्वतःच भरून काढतो. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस गिटार आहे. ती गाणी आमच्या भागात कित्येक वर्षं लग्नात आणि मंडईत वाजली, आणि ज्यांनी ती भोंग्यावर ऐकली त्यांनी बेसची ओळ जवळपास ऐकलीच नाही. मी स्वतः ती पहिल्यांदा नीट ऐकली ती इंजिनिअरिंगला आल्यावर, हेडफोनवर. गाणं पाठ होतं, आणि त्याच्या खालून एक आख्खा माणूस चालत होता हे माहीत नव्हतं.

भोंग्याची एक बाजू मात्र आज कुणी सांगत नाही. शब्दाचा अर्थ बहुतांशी व्यंजनांत असतो, आणि व्यंजनांचा मुलूख दोन ते चार हजार हर्ट्झचा. भोंगा नेमका तिथे धारदार असतो. कर्कश खरा, पण संवाद कळायचा. रात्री दोन वाजता खलनायक काय म्हणाला हे शेतात गाडी सोडून बसलेल्यालाही कळायचं. वगनाट्याचा, विनोदाचा, टोमण्याचा सगळा व्यवहार शब्दावर चालतो, आणि मुख्य कथा प्रमाण मराठीत चालू असताना विनोदी पात्र मध्येच झाडीबोलीत एक वाक्य टाकून जातं तेव्हा तर एक अक्षर हुकलं तरी हशा गेला.

डब्याची गोष्ट वेगळ्या घराण्यातली. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी कोन, त्याला चिकटवलेली कॉइल आणि चुंबक असा स्पीकर मांडला. आजचा जवळपास प्रत्येक स्पीकर त्याचाच वंशज आहे. त्याला खोकं का लागतं? कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुरांना ही पुढची आणि मागची हवा कडेने वळून एकमेकांना मारून टाकते. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरहून लांब असते, तिला पंधरा इंची कडा वळून जाणं म्हणजे काहीच नाही. खोकं मागची हवा कोंडून ठेवतं. आणि कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. खोकं लहान असेल तर स्प्रिंग ताठ, आणि कोन खालच्या सुराला हलायलाच तयार होत नाही.

१९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस ही गिटार काढली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा ॲम्प्लिफायर. त्यात पंधरा इंची एक स्पीकर होता. म्हणजे आमच्या वादातले पंधरावाले आधी जन्मले. पण तीनेक वर्षांत त्याच बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर बसले. हिशेब सोपा आहे. पंधरा इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ १७७ चौरस इंच. दहा इंची एकाचं ७८, चारांचं ३१४. हवा ढकलायची ती कोनाच्या पृष्ठभागाने, आणि चार लहानांनी मिळून एका मोठ्याच्या पावणेदोनपट पृष्ठभाग दिला. शिवाय वीज चौघांत वाटली गेली, कॉइल जळण्याची भीती कमी झाली. (पुढे गिटारवाल्यांनीच तो बासमन पळवला, आणि जिम मार्शलने लंडनमध्ये काढलेला पहिला ॲम्प्लिफायर त्याचीच नक्कल होती. ती वेगळी गोष्ट.) १९६९ साली अँपेग कंपनीने यावर कडी केली. तीनशे वॅटची मशीन आणि बंद खोक्यात दहा इंची आठ स्पीकर. उंच, जड, कपाटासारखं. वादक त्याला फ्रिज म्हणतात. मोठमोठ्या मैदानांवरच्या रॉक संगीतातला बेस म्हणून जो आवाज जगाच्या कानात बसला आहे, त्यात या फ्रिजचा वाटा मोठा.

गंमत पुढे आहे. या फ्रिजचं आजचं मापपत्रक पाहिलं तर ५८ हर्ट्झच्या खाली आवाज पडायला लागतो आणि ४० हर्ट्झला तो दहा डेसिबलने खाली गेलेला असतो. बेसची सर्वांत जाड तार ४१ची. म्हणजे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या बेसच्या डब्यातून बेसचा सर्वांत खालचा सूर पुरता येतच नाही. तो भरून काढतो तुमचा मेंदू, भोंग्यावर भरून काढायचा तसाच. फरक इतकाच की इथे त्याला भरपूर कच्चा माल मिळतो.

‘मोठा स्पीकर म्हणजे खोल आवाज’ हा समज खोटा ठरवला तो ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी. नेव्हिल थील यांनी १९६१ साली भोक ठेवलेल्या खोक्यांवर निबंध लिहिला. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो हुंकार निघतो, तोच हिशेबाने खोक्यात बसवायचा, असा तो प्रकार. दहा वर्षं त्याच्याकडे बाहेर फारसं कुणी पाहिलं नाही. १९७१ साली अमेरिकेत तो पुन्हा छापला गेला आणि पाठोपाठ सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी उरलेलं गणित पूर्ण केलं. स्पीकर किती इंची आहे ही त्या गणितात एक गोष्ट, बाकी त्याचा स्वतःचा सूर, त्याच्या निलंबनाचा ताठपणा, चुंबकाचा जोर आणि खोक्यातली हवा. चांगल्या खोक्यातला दहा वाईट खोक्यातल्या पंधरापेक्षा खाली जाऊ शकतो. त्याच सुमारास जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम रूढ झाला: खोकं लहान, आवाज खोल आणि आवाज मोठा, या तिन्हींपैकी कुठल्याही दोन गोष्टी घ्या, तिसरी सोडा. या सौद्यात सूट नाही. तेवढ्याच विजेत तेवढाच मोठा आवाज ठेवून एक सप्तक खाली जायचं असेल, म्हणजे ८० हर्ट्झवरून ४० वर, तर खोकं दुप्पट करून भागत नाही. आठपट करावं लागतं. साठ लिटरचं खोकं ४८० लिटरचं होतं.

आता हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यावर आणा. डबे गावोगाव न्यायचे कशातून? टाटाची छोटी पिकअप, आपला छोटा हाथी, २००५ साली आली. मागची जागा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद. त्यात डबे, मशीन, स्टँड, वायरींची पोती, आणि वर दोन पोरं. हॉफमनचा नियम न वाचताही साउंडवाल्याला तो रोज पाळावा लागतो, कारण खोक्याचं माप गाडीने आधीच ठरवलेलं असतं. उरतात दोन गोष्टी, खोल आवाज आणि मोठा आवाज. जनरेटर आणि हजारो वॅटच्या स्वस्त मशीन हाताशी आल्यावर त्याने दोन्ही घेतल्या, आणि हरवलेली कार्यक्षमता डिझेलने भरून काढली. भोंग्याच्या काळात वीज नव्हती म्हणून खर्ज नव्हता. आता वीज विकत मिळते म्हणून अठरा इंची बेस.

एक बाजूची गोष्ट: सागवानासाठी प्रसिद्ध असलेल्या या मुलखात एकही डबा सागाचा नसतो. आलापल्लीचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेला, पण डबे प्लायचेच. ते बरोबरच आहे. प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते हवेप्रमाणे फुगत-आकसत नाही आणि वजनाच्या मानाने ताठ असतं. भिंत थरथरली की खोक्याचाच सूर वाजतो, स्पीकरचा नाही. कोन मात्र अजून कागदाचा. बल्लारपूरच्या पेपर मिलने इथलेच बांबू दळून किती कागद केला असेल, आणि त्याच्या वासात चंद्रपूर-बल्लारपूरची किती पोरं मोठी झाली असतील. कागदाचं आणि आमचं नातं तसं जुनं आहे.

अठराचा बेस नाटकासाठी आला नाही, हे लक्षात घ्यायला हवं. तो आला लग्नासाठी, गणपती-देवीच्या मिरवणुकीसाठी. पश्चिम महाराष्ट्रात त्याला डॉल्बी म्हणतात, आमच्याकडे डीजे. (डॉल्बी लॅबोरेटरीजचं पहिलं उत्पादन टेपवरची खरखर कमी करणारं यंत्र होतं. गोंगाट घालवण्यासाठी निघालेल्या कंपनीचं नाव गोंगाटाला मिळालं, यापेक्षा चांगला विनोद मला सुचणार नाही.) साउंडवाल्याचं कर्ज फिटतं ते लग्नसराईत आणि मिरवणुकीत. तिथे गिऱ्हाईक छातीत दणका मागतं. म्हणून तो डबे तसलेच घेतो आणि नाटकाच्या रात्री तेच घेऊन येतो, कारण दुसरे त्याच्याकडे नसतात. नाटकाला मिळतो तो मिरवणुकीचा डबा.

त्याचा परिणाम संवादावर होतो. खालचा मोठा सूर वरचे लहान सूर झाकतो. उलट होत नाही, वरचा सूर खालच्याला इतका झाकत नाही. कानाची रचनाच तशी आहे. त्यामुळे भावनिक प्रसंगाखाली कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने एक लांब सूर धरला आणि तो अठरातून आला, की व्यंजनं पुसली जातात. मागचे लोक ओरडतात, ‘आवाज वाढव!’ साउंडवाला सगळंच वाढवतो, बेससकट. आणखी पुसतात. हे चक्र मी एकाच रात्रीत तीन-चार वेळा पूर्ण होताना पाहिलं आहे.

ब्रह्मपुरीच्या एका ओळखीच्या साउंडवाल्याने मला विचारलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, भाऊ, नाटकासाठी दहाचे घे. चार-चारचे दोन बंद डबे, स्टेजच्या दोन्ही टोकांना, उताराच्या दिशेने तोंड करून. प्रेक्षक खाली बसलेले आहेत, आवाज त्यांच्यावर पाड. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात. पाच मीटरवरून चाळीसवर जाईपर्यंत अठरा गेले. ते भरायला शेवटच्या रांगांसाठी मध्येच दोन लहान टॉप लाव, पुढून ढकलत बसू नको. साठच्या खालचं मिक्सरवरच कापून टाक, कुणाला कळणार नाही. लोकांना तबला ऐकू येईल आणि शब्द कळतील. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘अन् लग्नात याला कोण इचारन?’ प्रश्न रास्त होता. मी त्याला लग्नासाठी वेगळे डबे घे म्हणालो, ते इंजिनिअरचं उत्तर होतं, कर्ज भरणाऱ्याचं नव्हे.

झाडीपट्टीच्या हंगामात कायद्याने दोनदा हात घातला आहे. पहिल्यांदा बैलांवरून: ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, शंकरपटही त्यात गेला. २०२१च्या डिसेंबरमध्ये त्याला वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे मान्य केले. त्या वर्षांत पटाभोवती जमणारी गर्दी नाटकाला कमी पडली, मंडईने काही ती भरून काढली. दुसरा हात आवाजावरून आहे आणि तो अजून हललेला नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं उचलून धरलं. बंद सभागृहाला सूट आहे, पण शेतात खणलेला उतार म्हणजे सभागृह नव्हे. नियम शब्दशः लावला तर झाडीपट्टीच्या नाटकात नायक प्रवेश करण्याआधी मशीन बंद झाली पाहिजे. म्हणजे रात्रभराचं नाटक उभं आहे ते शेजाऱ्यांच्या सहनशीलतेवर. कुणी तक्रार करत नाही तोवर ते चालतं.

आणि तक्रार कुठला आवाज करायला लावतो? इथे मीटरचा प्रश्न येतो. नियमांतली मापं ‘ए’ वजनाच्या डेसिबलमध्ये आहेत: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, आणि लाउडस्पीकर वाजतो त्या जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा फार तर दहा जास्त. ‘ए’ वजन आलं ते १९३३ साली बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी केलेल्या प्रयोगांतून. माणसाचा कान हळू आवाजात खर्ज कमी ऐकतो, म्हणून मीटरनेही कमी मोजावा, हा त्यामागचा विचार. ६३ हर्ट्झला मीटर २६ डेसिबल वजा करतो, ४० हर्ट्झला जवळपास ३५. म्हणजे बांधावर ६३ हर्ट्झचा नुसता धमाका ८० डेसिबलचा असला तरी मीटरवर ५४ येतील. रात्रीची हद्दीवरची मर्यादा ५५. उलट नाट्यगीत गाणाऱ्या बाईचा आवाज एक हजार हर्ट्झच्या आसपास जितका असेल तितका सगळा मोजला जातो. या मीटरने नाटकातला शब्द पकडला जातो आणि मिरवणुकीतला दणका सुटतो.

शेजारच्या गावात मात्र नेमकं उलट पोचतं. हवा वरचे सूर वाटेत खाते, पानं आणि खोडं ते विखुरतात, खर्जाला दोघंही अडवत नाहीत. कुडाची भिंतही नाही. त्यात नाटकाचा हंगाम हिवाळ्याचा. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या सूर्य मावळल्यावर भराभर थंड होतात, जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार राहते. उबदार हवेत ध्वनी वेगाने जातो, म्हणून वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा जो आवाज दोन शेतं ओलांडत नाही तो पहाटे तीनला दोन-तीन किलोमीटरवर खाटेखाली धडधडतो. पोचतो तो नुसता ठोका. संवाद नाही, गाणं नाही, कुठलं नाटक तेही कळत नाही. भोंग्याच्या दिवसांत दूरच्या गावाला निदान कळायचं तरी, कोण मेलं आणि कोण कुणाला सोडून गेलं. आजोबा म्हणायचे, पलीकडच्या गावचं अर्धं नाटक ते अंथरुणातच ऐकायचे आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी बाजारात विचारून घ्यायचे.